अर्ध्या गुणाचे एकक: विज्ञानाच्या अभ्यासक्रम समितीस आणि परीक्षकांस खुले पत्र

प्रति,
माध्यमिक शाळांसाठी विज्ञानाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य,
तसेच प्रश्नपत्रिका काढणारे व उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक आणि नियामक

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेत गेली चोवीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवत आहे. गेल्या सहामाही परीक्षेत मी एक अगदी साधे उदाहरण घातले होते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी एसटी ब्रेक लावल्यावर ५ सेकंदांत थांबते, तर तिचे त्वरण किती? ७२ ला पाच छेद अठराने गुणून वेगाचे रूपांतर केले की २० मीटर प्रति सेकंद येतात आणि त्वरण उणे ४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. वर्गातील एका चांगल्या मुलीने ७२ ला अठरा छेद पाचने गुणले, २५९.२ मीटर प्रति सेकंद असा वेग काढला, त्यावरून उणे ५१.८४ हे त्वरण काढले, त्यापुढे एकक बिनचूक लिहिले आणि उत्तराभोवती पट्टीने चौकटही आखली. २५९.२ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ९३३ किलोमीटर. आमच्या आगाराची लाल गाडी प्रवासी विमानाच्या वेगाने घाटात शिरली होती आणि वर्गातील कोणालाही, त्या मुलीलाही, त्यात काही वावगे वाटले नव्हते.

उत्तर चुकले म्हणून तिचे गुण गेले, पण आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आलेल्या गुणदानाच्या रीतीप्रमाणे सूत्राचा अर्धा आणि एककाचा अर्धा असे गुण मी तिला दिले. घरी येऊन पुन्हा तो कागद पाहिला तेव्हा त्या दुसऱ्या अर्ध्या गुणापाशी मी अडखळलो. जी चूक सर्वस्वी एककाची होती, त्या उदाहरणात मी एककाचे गुण पूर्ण दिले होते. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून विचारले की, अठरा छेद पाचच का घेतलेस? मला वाटले होते की ती म्हणेल, "उलटसुलट झाले, सर." ती म्हणाली, "सर, मोठ्याचे लहान करताना गुणायचे असते ना? किलोमीटरचे मीटर करायचे होते आणि तासाचे सेकंद. दोन्ही मोठ्याचे लहान. म्हणून उत्तर वाढले पाहिजे." तिने विचार केला होता. तिसरी-चौथीत पायऱ्यांचे चित्र काढून तिला जे शिकवले गेले, किलोवरून मिलीकडे उतरताना दशांश चिन्ह उजवीकडे सरकवायचे, तो नियम तिने प्रामाणिकपणे लावला होता. वेगाच्या एककात तास हा छेदात असतो, त्यामुळे तेथे तो नियम उलटा चालतो, ही गोष्ट तिला कोणीही, आणि त्या कोणीहीमध्ये मीही आलोच, कधी दाखवली नव्हती. आम्ही तिला पाच छेद अठरा हा तयार ताईत दिला होता. ताईत हरवला तेव्हा तिच्याकडे प्राथमिक शाळेतला नियम तेवढा उरला, आणि त्याने तिला दगा दिला.

माझे म्हणणे असे आहे की, एकक हे उत्तराच्या शेवटी लावायचे शेपूट नसून ते राशीचा भाग आहे, आणि आकड्याबरोबर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याचाही गुणाकार-भागाकार झाला पाहिजे. हेच उदाहरण मी आता फळ्यावर असे मांडतो: ७२ किलोमीटर छेद १ तास, गुणिले १००० मीटर छेद १ किलोमीटर, गुणिले १ तास छेद ३६०० सेकंद. एक हजार मीटर आणि एक किलोमीटर ही एकाच लांबीची दोन नावे असल्यामुळे त्यांचा भागाकार १ येतो, तास आणि सेकंद यांचेही तसेच, आणि एकाने गुणल्याने राशी बदलत नाही. वरचा किलोमीटर खालच्या किलोमीटरने जातो, खालचा तास वरच्या तासाने जातो, आणि हाती मीटर छेद सेकंद राहतात. अठरा छेद पाच घेणाऱ्या मुलाला हे असे मांडायला लावले, तर त्याच्या हाती किलोमीटरचा वर्ग, तासाचा वर्ग अशी काहीतरी विचित्र खिचडी उरते आणि चूक त्याची त्यालाच दिसते. मला शिक्षक म्हणून या मांडणीचे सर्वांत मोठे मोल येथेच वाटते, कारण तीत चूक शोधायला मास्तर लागत नाही.

क्षेत्रफळ आणि घनफळ आले की पायऱ्यांचा नियम उघडा पडतो. एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर, या प्रश्नाला नववीच्या वर्गात निम्म्याहून अधिक हात "शंभर" म्हणून वर होतात, हा माझा दर वर्षीचा अनुभव आहे. मग मी जमिनीवर खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौरस आखतो, मुलांना त्याच्या एका कडेला शंभर खुणा करायला लावतो, आणि दुसऱ्या कडेला खुणा करायची वेळ येते तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी "दहा हजार" असे हळूच म्हणते. घनतेचे रूपांतर तर याहून फसवे आहे. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर ती किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये किती? हजार ग्रॅमचा किलो आणि शंभर सेंटिमीटरचा मीटर एवढेच ध्यानात ठेवणारा मुलगा शंभर भागिले हजार करून ०.१ असे उत्तर देतो. त्याच्या हिशेबाने एक घन मीटर पाण्याचे वजन शंभर ग्रॅम भरते. गच्चीवरची काळी हजार लिटरची टाकी म्हणजे बरोबर एक घन मीटर पाणी. ती भरल्यावर दोघांनी मिळून उचलून दाखवा, असे म्हटले की वर्गात हशा पिकतो आणि मग सेंटिमीटरचा घन करायचा राहिला हे लक्षात येते. शंभराचा घन दहा लाख, त्याला हजाराने भागले की हजार किलोग्रॅम प्रति घन मीटर.

दहावीच्या भिंगांच्या पाठात हीच गत होते. नाभीय अंतर २० सेंटिमीटर असलेल्या बहिर्वक्र भिंगाची शक्ती विचारली की, एक भागिले वीस करून ०.०५ डायॉप्टर लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका प्रत्येक गठ्ठ्यात सापडतात. डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटर, हे एककातच लिहिलेले आहे. २० सेंटिमीटरचे ०.२ मीटर केले की शक्ती ५ डायॉप्टर येते. चष्म्याचे नंबर पाव डायॉप्टरच्या टप्प्याने जातात, हे घरात चष्मा असलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, तेव्हा ०.०५ नंबरचा चष्मा कुठल्या दुकानात मिळतो, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे. पण तो विचारण्याची सवय लागायला आकड्याच्या मागे वस्तू दिसावी लागते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण एककांना जपण्याची ही रीत बाहेरून आणलेली आहे असा काही सहकाऱ्यांचा समज असतो. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ इ. स. ११५० च्या सुमाराची. मंगलाचरण झाल्याबरोबर तिच्यात बेरीज-वजाबाकी येत नाही, परिभाषा येते: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड. आधी मापे, मग गणित. आणि पुढे त्रैराशिक सांगताना आचार्यांनी घातलेली अट अशी की, प्रमाण (दिलेली राशी) आणि इच्छा (जिच्याविषयी विचारले ती राशी) या दोन्ही राशी एकाच जातीच्या असाव्यात आणि फल (प्रमाणाला मिळणारे मोल) वेगळ्या जातीचे असावे. ‘जात’ हा शब्द गणितात इतक्या निर्मळ अर्थाने वापरलेला मला दुसरीकडे दिसला नाही. माझ्या वर्गात आता उदाहरण सोडवण्याआधी मुले एकमेकांना "याची जात काय?" असे विचारतात, आणि उत्तर "लांबी छेद काळ" किंवा "वस्तुमान छेद घनफळ" असे येते. त्रैराशिक आपण आजही शिकवतो, पण ती अट मात्र आपण वाटेत कुठेतरी सांडली आहे.

आता आपल्या प्रश्नपत्रिकांकडे वळतो. रूपांतराची उदाहरणे त्यांत येतात, पण ती जवळजवळ सगळी किलोमीटर, मीटर, ग्रॅम, किलोग्रॅम यांच्याच घरात फिरतात आणि त्यांचा मुलांच्या जगण्याशी संबंध नसतो. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-मण व्यवहारातून कायद्याने गेले. बोलण्यातून मात्र सगळे गेले नाही. आमच्या तालुक्यात जमीन गुंठ्यावर विकली जाते आणि सातबाऱ्यावर ती हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये चढते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एक एकर. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, तेव्हा एक गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा. हे दोन आकडे इतके जवळ आहेत की, गावात सर्रास "गुंठा म्हणजेच आर" असे म्हटले जाते.

नववीतल्या एका मुलाच्या घरी पाच गुंठ्यांचा व्यवहार चालला होता आणि कागदावर पाच आर लिहिले जाणार होते. आम्ही नाव-गाव सोडून तेच उदाहरण वर्गात घेतले. पाच गुंठे म्हणजे ५०५.८६ चौरस मीटर, पाच आर म्हणजे ५०० चौरस मीटर, फरक ५.८६ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ६३ चौरस फुटांचा. चौरस फुटाला हजार रुपये भाव धरला तर त्रेसष्ट हजार रुपये. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मुलीने, जिचे वडील बांधकामावर आहेत, विचारले की वाळूचा ब्रास आणि फरशीचा ब्रास एकच का? वाळूचा ब्रास शंभर घनफुटांचा आणि फरशी-गिलाव्याचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. शब्द एकच असला तरी जात वेगळी. कोणत्याही पुस्तकातला प्रश्न याच्या तोडीचा मला आजवर सापडलेला नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्रे उघडली की क्युसेक आणि टीएमसी यांचा पूर वाहतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. पहिला वेग आहे आणि दुसरा साठा, ही जातीतली तफावत कळल्याखेरीज बातमीचा अर्थ लागत नाही, आणि मोठी माणसेही "धरणात वीस हजार क्युसेक पाणी आहे" असे बोलून जातात. मी मुलांना विचारतो की, धरणातून वीस हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला तर किती टीएमसी पाणी गेले? वीस हजार घनफूट छेद सेकंद, गुणिले ८६,४०० सेकंद. सेकंद जातो, घनफूट राहतात, आणि ते भरतात १७२ कोटी ८० लाख, म्हणजे पावणेदोन टीएमसीच्या आसपास. कोयनेचे धरण साधारण १०५ टीएमसीचे. मग मुले आपण होऊन पुढचा भागाकार करू लागतात, आणि नदीकाठी घर असलेला मुलगा सेकंदाला साडेपाच लाखांहून अधिक लिटर या आकड्यापाशी गप्प होतो. पावसाचा मिलिमीटरही असाच: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी. हे ०.००१ मीटर गुणिले १ चौरस मीटर एवढ्या एका ओळीत सिद्ध होते, पण पर्जन्यमापक शिकवताना ती ओळ आपण लिहित नाही.

हे सगळे लिहिणारा मी यातून सुटलेला आहे असे मात्र नाही. माझ्या आईला इन्सुलिन चालू आहे, सकाळी १६ युनिट. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. १०० युनिट तीव्रतेचेही मिळते आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची असते. एकदा नेहमीची कुपी न मिळाल्याने १०० ची घरी आली. मी नेहमीच्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत औषध ओढले. पत्नीने कुपीवरचा आकडा वाचला आणि माझा हात धरला. ती रेघ खरे तर १६ युनिटांची नव्हतीच. ती ०.४ मिलिलिटरची होती, आणि ४० तीव्रतेच्या औषधापुरतेच तिला १६ युनिट हे नाव दिलेले होते. १०० च्या औषधाचे ०.४ मिलिलिटर म्हणजे ४० युनिट, नेमून दिलेल्या मात्रेच्या अडीच पट. रूपांतराची उदाहरणे चोवीस वर्षे फळ्यावर सोडवणाऱ्या माणसाने आकडा वाचला होता आणि त्याच्यापुढचे ‘प्रति मिलि’ सोडून दिले होते. त्या दिवसापासून मी वर्गात या चुकीला ‘निष्काळजीपणाची चूक’ म्हणत नाही.

एककांच्या गोंधळामुळे १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या यानाची गोष्ट आपल्या प्रत्येक विज्ञानदिनी सांगितली जाते, त्यामुळे ती येथे पुन्हा सांगत नाही. शिकवायला तिच्यापेक्षा मला कॅनडातील एक घटना जास्त उपयोगी वाटते, कारण तिचा सगळा हिशेब नववीच्या मुलाला वहीत करता येतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. इंधनमापक बंद होते, म्हणून टाक्यांतले इंधन पट्टीने मोजले, ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरचे किलो करायचे तर इंधनाची घनता हवी. ती लिटरला ०.८०३ किलो होती, पण हिशेबात घेतला गेला १.७७ हा आकडा, जो लिटरला किती पौंड ते सांगणारा होता. ती कंपनी त्याच सुमारास पौंडाकडून किलोकडे वळत होती. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते २२,३०० तून वजा केले, राहिलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागले आणि ४,९१७ लिटर इंधन भरले. भरायला हवे होते २०,०८८ लिटर. वाटेत ४१,००० फुटांवर एकामागोमाग एक दोन्ही इंजिने बंद पडली, आणि वैमानिकांनी ते विमान घरंगळत नेऊन गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. आत ६९ माणसे होती, सगळी वाचली.

मुलांना मी हा हिशेब दोनदा करायला सांगतो, एकदा नुसत्या आकड्यांनी आणि एकदा प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहून. दुसऱ्या वेळी २२,३०० किलोतून १३,५९७ पौंड वजा करायची वेळ येते आणि पेन थांबते. १.७७ पुढे एक शब्द लिहिलेला असता तर तेथेही ते थांबले असते. यासाठी कॅनडाला जायची गरज नाही, असे एका मुलाने मला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी खाद्यतेलाची रिकामी पिशवी आणून दाखवली. तीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असे दोन्ही छापलेले होते. किलोच्या भावात लिटर घेतले तर पिशवीमागे नव्वद ग्रॅम जातात, हे त्याला त्याच्या आजीने सांगितले होते. मापाने मोजलेली ज्वारी आणि काट्यावर तोललेली ज्वारी यांचा हिशेब तिच्या पिढीला तोंडपाठ होता.

मराठी माध्यमापुरती एक अडचण वेगळी आहे आणि ती पूर्णपणे आपल्या हातातली आहे. आपली एककांची लघुरूपे एकमेकांत मिसळतात. ‘मि.’ म्हणजे मिनिट की मिलि? ‘से.’ म्हणजे सेकंद, सेंटि की सेल्सिअस? ‘मी./मि.’ असे छापले की मीटर प्रति मिनिट वाचायचे असते, पण ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा ना छपाईत असतो ना मुलांच्या अक्षरात. दर मिनिटाचा वेग दर सेकंदाचा समजून सोडवलेली उदाहरणे मी तपासली आहेत, आणि त्यांत मुलाचा दोष किती आणि आपला किती हे मला ठरवता आलेले नाही. प्रश्नात एकक पहिल्यांदा येते तेथे ते पूर्ण शब्दात छापावे, एवढी साधी विनंती आहे. तिला शाईखेरीज खर्च नाही.

सहकाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते मीही पूर्वी घेत असे. अभ्यासक्रम मोठा आहे आणि तासिका थोड्या आहेत. पुढे सीईटी आणि नीटमध्ये एकेक सेकंद मोलाचा असतो, तेथे कोण तास आणि किलोमीटर खोडत बसणार? यावर माझे उत्तर असे की, पाच छेद अठरा मीही वापरतो, आणि ज्याने तो एकदा स्वतः काढला आहे त्याने तो खुशाल पाठ ठेवावा; आधी पाठ करून मग कधीतरी समजेल ही वाट मात्र बंद करावी. वेळेचे म्हणाल तर नववीच्या सुरुवातीला या मांडणीला मी चार तास देतो, आणि ते गती, कार्य व ऊर्जा, विद्युतधारा या पाठांत परत मिळतात, कारण तेथे विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल कसे, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. हजार ज्यूल छेद सेकंद (म्हणजे एक किलोवॅट), गुणिले ३६०० सेकंद, एवढे लिहून मुले पुढे जातात. तापमानाला ही रीत तशीच लागू होत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. ३७ अंश सेल्सिअसचे ९८.६ अंश फॅरनहाइट करताना नुसते गुणून भागत नाही, कारण दोन्ही मापांचा शून्य वेगळ्या जागी आहे. पण ताप एक अंश सेल्सिअसने चढला म्हणजे १.८ अंश फॅरनहाइटने चढला, हे गुणाकाराने येते. हा भेदही मुलांना दाखवण्याजोगा आहे.

जुनी मापे शिकवून आपण मुलांना मागे नेतो, असेही कोणी म्हणेल. गुंठा आणि क्युसेक अभ्यासक्रमात घाला असे मी म्हणत नाही. प्रश्नात ‘१ गुंठा = १०८९ चौरस फूट’ असे दिलेले असावे, पाठांतराची अपेक्षा नसावी, आणि त्यावरून पुढे जाण्याची रीत तपासावी. कायदा हेक्टरमध्ये बोलतो आणि बाप गुंठ्यात बोलतो, तेव्हा या दोघांमध्ये उभे राहून दोघांचे बोलणे जुळवण्याचे काम घरातल्या शिकत्या मुलाकडेच येते.

समितीकडे आणि परीक्षकांकडे माझे मागणे फार नाही. नमुना उत्तरांत प्रत्येक पायरीवर आकड्यासोबत एकक छापावे, कारण राज्यभरचे शिक्षक फळ्यावर तेच उतरवतात. शेवटच्या एककाला राखून ठेवलेला तो अर्धा गुण रूपांतराच्या ओळीला द्यावा आणि तेथे एकके खोडलेली दिसली तरच द्यावा. ज्या मुलाने रीत बरोबर मांडली पण गुणाकारात चुकला, त्याला तो मिळावा; ज्याने २५९.२ पुढे ‘मी/से’ लिहिले, त्याला मिळू नये. वर्षातून निदान एक उदाहरण असे असावे की ज्यात उत्तर शक्य कोटीतले आहे की नाही, एवढेच विचारलेले असेल. गणिताच्या समितीशी बोलून पाचवी-सहावीच्या त्रैराशिकात आणि आपल्या नववीच्या गतीच्या पाठात मांडणी एकच ठेवता आली तर फारच चांगले, पण दोन समित्यांना एका टेबलाशी बसवणे हे रूपांतरापेक्षा अवघड काम आहे याची मला कल्पना आहे.

त्या मुलीची उत्तरपत्रिका मी तिच्या परवानगीने अजून जवळ ठेवली आहे. वार्षिक परीक्षेत मी मुद्दाम तेच उदाहरण आकडे बदलून पुन्हा घातले. गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाची होती. तिने तीन ओळींत तास आणि किलोमीटर खोडून १५ मीटर प्रति सेकंद काढले आणि बाजूला पेन्सिलीने कंसात लिहिले, "म्हणजे एका सेकंदात दीड बस पुढे." बसची लांबी साधारण दहा मीटर असते हे तिने केव्हा मोजले, मला माहीत नाही. त्या पेन्सिलीच्या ओळीला गुण द्यायला आपल्या योजनेत जागा नाही. द्यावेत की नाहीत, हे आपणच ठरवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक विज्ञान शिक्षक